हर्सूलच्या पाण्याच्या रंगाचा दोरा

आमच्या शहागंजातल्या घड्याळवाल्या चाचांइतका सावकाश माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही आणि आता या वयात पाहीन असंही वाटत नाही. पुढं मी कितीतरी गावं पाहिली, सरकारी कचेऱ्यांत चपला झिजवल्या, सोनारांच्या पेढ्यांवर तासन्‌तास ताटकळले. पण चाचांच्या पासंगाला पुरेल असा एकही भेटला नाही. आणि गंमत अशी, की हा माणूस दिवसभर वेळेचाच धंदा करत होता. निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. चाचांचं दुकान म्हणजे दोन माणसं आत बसली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं, एवढंच. भिंतींवर अठरा-वीस घड्याळं, प्रत्येकाचं मत वेगळं, आणि मधोमध गादीवर चाचा बसलेले: गळ्यापर्यंत बटणं लावलेली जुनी शेरवानी, डोक्याला टोपी, उजव्या डोळ्यात भिंग. कुणी जाता जाता विचारलं, "चाचा, कितने बजे?" तर ते हातातला चिमटा खाली ठेवायचे, भिंग काढायचे, रुमालानं पुसायचे, चारी भिंतींवरून नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "कौन सी घडी का पूछरे तुम?" तोवर विचारणारा गुलमंडीपर्यंत पोचलेला असायचा.

त्यांचा एक कायदा होता. दुरुस्त झालेलं घड्याळ ते लगेच कधी देत नसत. ते आठ दिवस दुकानातल्या खिळ्याला टांगलेलं राही आणि चाचा त्याच्यावर नजर ठेवत. नुसतं चालतंय का एवढंच नव्हे; ते सकाळी कसं चालतं, जेवणाच्या वेळेला कसं चालतं, थंडी पडल्यावर कुरकुर करतं का, सगळं बघत. एकदा तालुकदार साहेबांचा, म्हणजे तेव्हाच्या कलेक्टरांचा, पेशकार साहेबांचं सोन्याचं घड्याळ न्यायला आला. बिचारा घामाघूम. साहेब दौऱ्यावर निघालेत, टांगा उभा आहे, म्हणाला. घड्याळ समोरच खिळ्यावर टिकटिकत होतं. चाचांनी त्याला चहा पाजला, त्याच्या सगळ्या घरादाराची खुशाली विचारली आणि शेवटी हात जोडून सांगितलं, "घडी चलरी साब. मगर अब्बी दिल से नै चलरी. आठ रोज मेरी नजर के नीच्चे रैने दो." साहेब त्या दौऱ्यावर घड्याळाशिवाय गेले. पुढं वर्षानुवर्षं ते घड्याळ एका मिनिटानंही चुकलं नाही, असं लोक सांगत, म्हणून चाचांना सगळे माफ करत.

आठवड्यातला एकच दिवस चाचांच्या अंगात चैतन्य संचारायचं. शुक्रवारी नमाज झाली की दुकानाच्या आतल्या कोपऱ्यातली लांब काठी खांद्यावर टाकून ते दिल्ली दरवाजातून हर्सूलच्या तलावाकडं निघत. चालत. हल्लू हल्लू, हा त्यांचा शब्द. वाटेत लोकांशी बोलत, झाडं बघत, पोचेपर्यंत ऊन उतरलेलं असे. गळ टाकायचा, एक मासा धरायचा आणि उठायचं. दुसरा मासा ते कधी धरत नसत. कारण विचारलं तर म्हणत, "पैले से तो ठीक से मुलाखात होने दो." त्यांना तीन मुलगे होते, तिघंही हैदराबादेत चांगल्या नोकऱ्यांवर. पण त्यांतल्या एकालाही गळ धरता येत नव्हता. याचं कारण चाची सांगायच्या. चाची म्हणजे दुकानाच्या मागच्या बाजूला जो निळा पडदा होता, त्याच्या पलीकडचा आवाज. दुकानातला प्रत्येक शब्द त्या ऐकत आणि हव्या त्या वाक्यावर आपलं मत देत. त्या म्हणायच्या, "बच्चों के वास्ते छडियां बनाए ना इनों. छडी तय्यार हुई तबतक मुच्छां आ गए!"

आता माझं सांगते. मी नऊ वर्षांची होते आणि आमच्या घरात माझ्या उतावळेपणाचे किस्से पाहुण्यांना सांगितले जात. दूध तापायच्या आत पिणारी, भाकरी तव्यावर असतानाच ओढणारी, पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणारी. आमचे अण्णा तालुकदार कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून होते. त्यांचं खिशातलं घड्याळ दर दोन महिन्यांनी आजारी पडे आणि ते घेऊन चाचांकडं जायचं काम माझ्याकडं असे. एके दिवशी मी त्या कोपऱ्यातल्या काठीकडं बोट दाखवून विचारलं, "चाचा, मला पण मासा धरायला शिकवाल?" चाचांनी चिमटा खाली ठेवला. भिंग काढलं. माझ्याकडं इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, आता बहुतेक रागावणार. मग त्यांच्या दाढीत हळूहळू हसू पसरलं. पडद्यामागून चाचींचा आवाज आला, "या अल्ला. फिर शुरू हुआ."

मला वाटलं होतं, चाचा उठतील, कुठूनतरी एक काठी काढतील, दोरा बांधतील आणि येत्या शुक्रवारी आम्ही हर्सूलला! माझा तर मनातल्या मनात मासा धरूनही झाला होता. पण चाचांनी भिंग पुन्हा डोळ्यात बसवलं आणि माझा हात हातात घेऊन तपासायला सुरुवात केली. बोटं मोजल्यासारखी एकेक करून वाकवली. शेजारच्या शिंप्याकडून फीत मागवून मनगटापासून कोपरापर्यंत माप घेतलं. मग म्हणाले, हात सरळ पुढं धरून उभी राहा. आणि स्वतः चहा प्यायला बसले. चहा संपेपर्यंत माझा हात लटलट कापायला लागला. मग प्रश्न सुरू झाले. लिहितेस कुठल्या हातानं? राग आला की काय करतेस? शिंक दाबता येते का? रडताना आवाज करतेस की मुकाट्यानं रडतेस? शेवटी त्यांनी निकाल दिला: "तबियत जल्दबाज है. हल्की छडी होना, बारीक दोरा होना, छोटा कांटा होना, और बडा सबर होना. तीन चीजां मैं देखता. चौथी बाजार में नै मिलती."

घरी सांगितल्यावर आईनं कपाळाला हात लावला. आमच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा भीत भीत शिरायचा, तिथं मुलगी मासे धरणार म्हटल्यावर काय होणार! अण्णा मात्र शांत होते. "चाचांनी निवडायला घेतलंय ना? मग निर्धास्त राहा," ते आईला म्हणाले. "काही वर्षं तरी हातात काही पडत नाही तिच्या." या भरवशावर मला परवानगी मिळाली, एका अटीवर: माशानं घराचा उंबरा ओलांडता कामा नये. चाचांना मी ही अट सांगितली तर ते गंभीरपणे म्हणाले, "बराबर है. मछली कू बी येइच मंजूर रैगा."

पहिली आली काठी. तिच्यासाठी आम्ही बुरुडाकडं गेलो, आणि एकदा नव्हे, सलग चार शुक्रवार. चाचा प्रत्येक बांबू उचलायचे, बोटानं टिचकी मारायचे आणि कानाला लावून डोळे मिटायचे. मग मान हलवून बाजूला ठेवायचे. मी पायांवर नाचत असायची: "हा घ्या ना चाचा! हा चांगलाय! हा सरळ आहे!" चाचा म्हणायचे, "सरळ तो है बेटा. मगर जिद्दी है." मुलाच्या हातची काठी टोकाला लवणारी असावी, म्हणजे मासा छोटा असला तरी हाताला कळतो, आणि लांबी मुलाच्या दीडपट, त्याहून जास्त नको, नाहीतर मूल काठी धरत नाही, काठी मुलाला धरते, असं त्यांचं शास्त्र होतं. चौथ्या शुक्रवारी बुरुडाचा धीर सुटला. "चाचा, गळाची काठी पायजे का सनई? लई झालं आता! माझं गिऱ्हाईक बाहीर उभं हाय, त्येला निस्ती शिडी पायजे." चाचांनी मान वळवली, त्या शिडीसाठी बाजूला काढलेल्या बांबूंतला एक बारका बांबू उचलला, टिचकी मारली आणि त्यांचा चेहरा उजळला. शिडीचं गिऱ्हाईक त्या दिवशी एक बांबू कमी घेऊन गेलं. पुढं महिनाभर ती काठी सावलीत वाळत आणि तेल पीत राहिली.

मग गळ, म्हणजे माशाच्या तोंडात अडकणारा आकडा. तो छावणीत मिळायचा, गोऱ्या साहेबांना माल पुरवणाऱ्या एका दुकानात. तिथं काचेच्या कपाटात मी एक गोष्ट पाहिली. लहान मुलांसाठी तयार केलेला अख्खा संच! लाल रंगाची चकचकीत काठी, तिला पितळी चाक, चाकावर पांढरा दोरा, आणि एका डबीत रंगीबेरंगी खोटे मासे. मी काचेला नाक लावून उभी राहिले. "चाचा, हे घ्या ना! सगळं तयार आहे! आजच जाता येईल!" दुकानदारही खूश होऊन कपाट उघडायला लागला. चाचांनी लाल काठी हातात घेतली, चाक फिरवलं, दोऱ्याला भिंग लावलं, मुळापासून टोकापर्यंत बोट फिरवलं आणि अदबीनं परत ठेवली. "बहुत खूबसूरत है," ते दुकानदाराला म्हणाले. "मगर ये दुकान में बच्चों कू पकडने के वास्ते है. तालाब में मछली इसपे हंसेगी." मी रुसले. छावणीपासून शहागंजापर्यंत चाचांशी एक अक्षर बोलले नाही. चाचांनी तिथून सगळ्यांत बारका गळ तेवढा घेतला होता. दुकानात परतल्यावर त्यांनी कानशीनं त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा घासून घासून गुळगुळीत केला. माझा रुसवा बघून म्हणाले, "बच्ची की उंगली में गया तो सीधा निकलना. मछली के मूं से बी सीधा निकलना. दोनों कू घर जाना रैता बेटा." मग मात्र मला राग धरून बसता येईना.

दोऱ्याची कथा सगळ्यांत मोठी. चाचांचे एक दोस्त हिमरूचं रेशमी कापड विणायचे. त्यांच्याकडून चाचांनी रेशमाचे तीन धागे आणले आणि स्वतः पीळ घातला. पण रंग? दोरा पाण्यात दिसता कामा नये, आणि हर्सूलच्या पाण्याला, चाचांच्या मते, स्वतःचा असा एक रंग होता, जो ना पाणचक्कीच्या हौदाला होता ना कुठल्या विहिरीला. म्हणून एका शुक्रवारी त्यांनी तलावाचं पाणी बाटलीत भरून आणलं, ती बाटली दुकानात उजेडाला ठेवली, आणि चहाच्या पाण्यात, डाळिंबाच्या सालीत, कसल्याकसल्या पाल्याच्या रसात बुडवलेले दोऱ्याचे तुकडे रोज त्या बाटलीत सोडून बघायला लागले. बघणाऱ्यांचा समज झाला की चाचांनी कसलंतरी औषध काढलंय. एक म्हातारबा तर आठ दिवस रोज यायचे, खोकला दाखवायचे आणि दोन चमचे मागायचे. चाचा "नक्को नक्को" म्हणत राहिले, तसा म्हातारबांचा त्या औषधावरचा विश्वास वाढतच गेला. शेवटी एके दुपारी बाटलीत दोरा सोडला आणि तो दिसेनासा झाला. खरंच दिसेना! मी एवढ्या जोरात ओरडले की समोरचा अत्तरवाला धावत आला. चाचांनी त्याला बाटली दाखवून विचारलं, "इसमें क्या दिखरा?" तो म्हणाला, "कुच्छ नै." चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं, इतका आनंद त्यांना झाला.

राहिलं होतं ते पाण्यावर तरंगणारं पीस. माशानं खाली आमिषाला तोंड लावलं की वर हे हलतं आणि आपल्याला कळतं. चाचांनी मोराच्या पिसाचा दांडा घेतला आणि घड्याळाचे भाग ज्या काट्यावर जोखत त्या काट्यावर तो जोखला. खाली बांधायच्या शिशाच्या कणाला ते रोज थोडं थोडं घासत. ते पीस त्यांनी इतकं हलकं साधलं की वाटीतल्या पाण्यात ठेवलं आणि मी दारातून "चाचा!" म्हणून हाक मारली, तर ते शहारायचं. "देखो," ते कौतुकानं म्हणायचे, "तुमकू पैचानता." एका शुक्रवारी संध्याकाळी सगळं जुळून आलं. काठीला दोरा बांधला, दोऱ्याला पीस, खाली गळ. मी हात पुढं केले. चाचांनी काठी उचलली आणि खिळ्याला टांगली. आता आठ दिवस नजरेखाली.

आठ दिवस! पण दिवाळीच्या आधीपासून थांबले होते, उन्हाळा तोंडावर आला होता, तिथं आठ दिवसांचं काय. मी घरी बोटं मोजत उड्या मारत आले. आणि दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, अण्णा कचेरीतून एक लिफाफा घेऊन आले. तबादला. नांदेडला. पुढच्या शुक्रवारच्या सकाळच्या गाडीनं निघायचं होतं. काठी खिळ्यावरून उतरायची होती शनिवारी. मी रडायलाच लागले. अण्णा समजूत घालायला लागले, "अगं, नांदेडला गोदावरी आहे. केवढी मोठी नदी! तिथं काय माशांना तोटा?" मी म्हणाले, "पण तिथं चाचा नाहीत ना!"

मी तशीच धावत दुकानात गेले. चाचांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी सवयीनं भिंतींकडं पाहिलं, एका घड्याळाकडं, दुसऱ्याकडं, तिसऱ्याकडं, पण त्यांतलं कुठलंच त्या वेळी कामाचं नव्हतं. "एक रोज कम पडरा," ते पुटपुटले. "एक दिवसानं काय होतंय चाचा? द्या ना! उद्याच जाऊ या ना!" मी त्यांची शेरवानी धरून ओढत होते. चाचांनी काठीकडं पाहिलं. "लकडी अब्बी दिल से नै बैठी, बेटा. दोरा नवा है. टूट गया तो? तुम्हारी पैली मछली है. कायदा कायदा है." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओरडले, "तुम्हाला मला द्यायचीच नाहीये! तुम्ही कुणालाच काही देत नाही!" चाचांचा चेहरा एकदम उतरला. तेवढ्यात निळा पडदा हलला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी चाचींचा आवाज हळू झालेला ऐकला. "अजी, सुनो. घडी बिगडी तो गिऱ्हाईक लौट के आता. बच्चे लौट के नै आते. अंदर तीन छडियां पडी हैं. एक पे बी मछली नै लगी." चाचांनी हात वर केला आणि खिळ्यावरची काठी उतरवली.

दुसऱ्या दिवशी रविवार. कामाचा वार होता, सुट्टी शुक्रवारी असे. सकाळी चाचांच्या दुकानाला कुलूप पाहून शहागंजात खळबळ उडाली. कुणीतरी गेलं असणार, अशी अत्तरवाल्याची खात्री झाली आणि तो टोपी घालून सांत्वनाला निघालाही. पण कोपऱ्यावर त्याला आमचा टांगा भेटला. पुढं टांगेवाल्याशेजारी चाचा, त्यांच्या मांडीवर आडवी काठी. मागं चादरीचा पडदा लावून चाची आणि मी. हो, चाचीसुद्धा! तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला मासा धरताना पाहिलं नव्हतं आणि आता मात्र बघणारच म्हणून हट्ट धरला होता. आणि चाचा, ते हल्लू हल्लूवाले चाचा, टांगेवाल्याला म्हणत होते, "अरे मियां, जरा तेज!" मला इतका आनंद झाला होता की मी चाचींच्या बुरख्याचं टोक दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं.

तलावावर वारा होता. चाचांनी कणकेची मुगाएवढी गोळी गळाला लावली, माझ्या हातात काठी दिली, माझ्या मागं उकिडवे बसले आणि कानात म्हणाले, "पीस डूबा तो खींचना. हिला तो नै." मी दोरा टाकला. तो पाण्यात पडला आणि दिसेनासा झाला. पण पीस! ते पीस वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला थरथरायचं, चतुर जवळून गेला तरी मान डोलवायचं, टांग्याचा घोडा फुरफुरला की बुडी मारायचं. मी ओढायची. रिकामं! पुन्हा गोळी, पुन्हा ओढ, पुन्हा रिकामं. पंचवीस वेळा तरी झालं असेल. सूर्य डोक्यावर आला. चाचांनी शेरवानीचं वरचं बटण काढलं, असं मी कधी पाहिलं नव्हतं. टांग्यातून आवाज आला, "क्या जी, मछली पकडरे की पानी झाडरे?" जवळच एक धनगर आजोबा मेंढरांना पाणी दाखवायला आले होते. काठीवर हनुवटी टेकून ते मघापासून गंमत बघत होते. न राहवून पुढं आले. "चाचा, राग मानू नका. काम लई नामी हाय तुमचं. पण हे पीस लईच नाजूक झालं. माशाच्या आधी वाऱ्यालाच कळतंय. पोरीनं तरी काय करावं?"

चाचांच्या कामात खोट काढलेली मी तोवर ऐकली नव्हती. मी घाबरून त्यांच्याकडं पाहिलं. रोज जोखून, घासून, वाटीत तरंगवून केलेलं ते पीस. चाचा पाण्याकडं बघत राहिले. "मैं घडी बनाया," ते शेवटी म्हणाले. "यहां घडी नै होना था." त्यांनी खिशातून कात्री काढली आणि एका कातरीत पीस उडवलं. धनगर आजोबांनी कडब्याचं एक वाळलेलं पेर सोललं, आतला पांढरा भेंड बोटभर तोडला, आणि चाचांनी तो अंगठ्यानं दोऱ्यावर बसवला. ना जोखणं, ना भिंग. एवढं झटपट काम त्यांनी आयुष्यात केलं नसेल.

भेंड पाण्यावर बसला तो बसलाच. वारा आला, गेला. घोडा फुरफुरला. भेंड ढिम्म. आणि मग तो एकदाच, अगदी जरासा, खाली ओढला गेला आणि वर आला. सगळं अंग म्हणत होतं, ओढ! पण कोण जाणे कसं, मी थांबले. मागं चाचांचा श्वास ऐकू येत होता, तोही थांबला. भेंड पुन्हा हलला. आणि चाचा उठले! "खींच! खींच बेटा, खींच! गई! मछली गई!" ते काठावर नाचायला लागले, दोन्ही हात हलवत, शेरवानीचा घेर उडवत, पाय घसरून धपकन पाण्यात पडले आणि उठून गुडघाभर पाण्यात उभे राहिले, टोपी तरंगत दूर गेली तरी ओरडतच होते. मी मात्र जागची हलले नाही. "थांबा हो चाचा," मी म्हणाले, "अजून बुडला नाही." टांग्यातून चाचींचा हसण्याचा आवाज आला. मग भेंड बुडाला. सरळ, खोल, दिसेनासा झाला. मी मनगट उचललं. काठीचं टोक लवलं, त्या टोकातून काहीतरी जिवंत माझ्या हातात शिरलं, आणि दुसऱ्या क्षणी हवेत चांदीचा एक तुकडा उड्या मारत होता.

माझ्या वीतभरसुद्धा नव्हता तो मासा. पण केवढा आरडाओरडा केला आम्ही! धनगर आजोबा "व्हय गं पोरी, व्हय!" म्हणत काठी आपटत होते, मेंढरं उधळली, चाची चादर बाजूला सारून टांग्यातून खाली उतरल्या. चाचा पाण्यातच उभे होते आणि त्यांच्या दाढीतून पाणी गळत होतं. त्यांनी घड्याळाचा चिमटा काढून माशाच्या तोंडातला गळ अलगद सोडवला, तो सरळ निघाला. मग मासा माझ्या ओंजळीत दिला. मी तो पाण्यात धरला. क्षणभर तिथंच राहिला, आणि गेला. चाचा नुसतं माझ्याकडं बघत होते. "मैं सबर भूल गया," ते म्हणाले. "तुम नै भूले." असं कौतुक पुढं आयुष्यात माझं कुणी केलं नाही.

टांगा आमच्या दारात थांबला तेव्हा आई-अण्णा सामान बांधत होते. चाचांनी काठी एका जुन्या हिमरूच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. ते दाराशी उभे राहून शेरवानी पिळत होते. मी आनंदानं नुसती फुगले होते. म्हणाले, "चाचा, आता तुम्ही सुटलात! उद्यापासून माझी कटकट नाही!" चाचांनी मान डोलवली. "हौ बेटा," ते म्हणाले. "कल से मैं किसके वास्ते देर करूं?" मला वाटलं, नेहमीसारखी थट्टाच करताहेत. मी खदखदून हसले. माझ्याबरोबर तेही थोडं हसले, आणि मग टांग्यात बसले. चाची एरवी कुठलंही वाक्य रिकामं जाऊ देत नसत, पण त्या वेळी काही बोलल्या नाहीत.

नांदेडला गोदावरीवर मी त्या काठीनं पुष्कळ मासे धरले. चाचांच्या त्या बोलण्याचा अर्थ मात्र मला फार उशिरा कळला, स्वतःची मुलं मोठी होऊन घराबाहेर पडली तेव्हा. तोवर चाचा या जगात नव्हते. आता वाटतं, त्या दुपारी हसायच्याऐवजी नुसता त्यांचा ओला हात धरून थोडा वेळ दारात उभी राहिले असते, तर बरं झालं असतं.